सुमतीचा निकाल

तिसरी पेटी आली तेव्हा सुमतीने कुरिअरवाल्याला साधं पाणीसुद्धा विचारलं नाही. बिचारा जिने चढून धापा टाकत आलेला, लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. एरवी ती त्याला सरबत पाजल्याशिवाय सोडायची नाही. पण ती लांबुळकी पुठ्ठ्याची पेटी, वर लाल अक्षरांत ‘नाजूक वस्तू’ छापलेली, दारात दिसली मात्र, तिला दुसरं काही सुचेना. आता पुन्हा सगळं तेच. अविनाश पेटी उघडणार, व्हायोलिन बघून लहान पोरासारखा हरखणार, सुरात लावून वाजवणार, मग तोंड पाडणार, आणि मग तिला विचारणार. त्या विचारण्याचीच तिला धास्ती होती.

अविनाश टिपणीस मुंबईतल्या एका ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. आता ऑर्केस्ट्रा म्हटलं की नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीतल्या मंडळींना मंडपातला, गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आठवायचा. ‘काका, यंदा आपल्या गणपतीत ठेवू या ना तुमचा कार्यक्रम!’ असं दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच. मग अविनाश समजावून सांगायचा, आमचा तसला नाही हो, आमच्यात साठ-सत्तर माणसं असतात, काळे कोट घालतात, समोर एक जण काडी हलवतो, आणि गाणारं कुणीच नसतं. ‘गाणारं कुणीच नाही?’ एवढं ऐकलं की समोरच्याचा उत्साह तिथेच मावळायचा. शाळेत असताना एका गोवेकर सरांनी अविनाशच्या हातात व्हायोलिन दिलं आणि ते जे हनुवटीखाली बसलं ते बसलंच. रसायनीच्या कारखान्यात जन्मभर केमिस्टची नोकरी करून, निवृत्त होऊनही, ऑर्केस्ट्राच्या पहिल्या रांगेतली त्याची खुर्ची काही सुटली नव्हती.

सुमतीला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लग्न झाल्यापासून त्या घरात एक रिवाज होता. नवी तार चढवली, नवा गज आणला, एखादा अवघड तुकडा बसवला, की अविनाश तिला स्वयंपाकघराच्या दारात मुढ्यावर बसवायचा, भिंतीकडे तोंड करून. तिच्या हातात मेथीची जुडी नाहीतर लसूण. तो पाठीमागून वाजवायचा, आधी एक, मग दुसरं. नवं कोणतं आणि जुनं कोणतं ते तिला दिसू नये म्हणून ही भिंत. वाजवून झालं की म्हणायचा, “हं सुमे, निकाल.”

आणि सुमती निकाल द्यायची. “पहिलं गोड होतं, दुसरं नाकात बोलतंय.” किंवा, “नुसती शिस्त ऐकू आली बाई, जीव नाही आला.” हे दुसरं ऐकल्यावर अविनाश एकदा दोन दिवस धुसफुसत होता, पण तो तुकडा त्याने मुळापासून परत बसवला. काडी हलवणाऱ्या कंडक्टरच्या शाबासकीवर तो विश्वास ठेवायचा नाही, सुमतीच्या लसणावर ठेवायचा. बाई खोटं बोलत नाही, एवढीच तिची पदवी, आणि ती त्याला पुरे होती.

गणपती झाले आणि अविनाश म्हणायला लागला, आपलं व्हायोलिन थकलं. वरची ई ची तार, सगळ्यांत बारीक सुराची, मरून गेल्यासारखी वाजते, झळाळी म्हणून नाही. तार बदलली, तारांखालची घोडी बदलली, काही फरक नाही. त्याच सुमारास शार्दूलने, त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या व्हायोलावाल्या मुलाने, एका ऑनलाइन दुकानातून हाताने घडवलेला व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, घेतला होता. शार्दूल खारघरला राहायचा, पण तालमीला जाताना वाकडी वाट करून अविनाशला गाडीतून न्यायचा. “काका, बघाच तुम्ही. जर्मनीतले, कोरियातले वादक मागवतात यांच्याकडून. आधी घरी वाजवून बघायचं, पसंत नाही पडलं तर परत.” ऑर्केस्ट्रातल्या आणखी काही जणांच्या मनात तिथून वाद्य घ्यायचं होतं, पण सगळे थांबले होते. टिपणीस काका काय म्हणतात ते बघू या, म्हणाले.

अविनाशला मोबाइलवर खरेदी जमायची नाही, म्हणून ऑर्डर सुमतीच्या फोनवरून. पहिलं व्हायोलिन आलं. त्याने लावलं, वाजवलं, आणि त्याचं तोंड उतरलं. “अरे, याचीही ई मेलेलीच!” ते परत गेलं. दुसरं आलं, तेही परत.

आता खरी गोष्ट सांगायची तर व्हायोलिनांत काही म्हणजे काहीच बिघडलेलं नव्हतं. बिघडला होता अविनाशचा कान. सुमतीला ते गणपतीतच कळलं होतं. घराची बेल वाजायची, हा ढिम्म. वर म्हणायचा, बेल बिघडली. इलेक्ट्रिशियनला बोलावून नवी बसवली, ती पण ‘बिघडली’. कपड्यांचं मशीन काम संपलं की बारीक आवाजात टिणटिणतं, ते याच्या लेखी मुकंच झालेलं. कंपनीला फोन करून भांडला. आता काय बोलावं या माणसाला! पुढे एकदा शार्दूलही जिन्यात घुटमळत सुमतीला म्हणाला होता, “काकू, काका हल्ली वरच्या सुरांना जरा जास्तच जोर लावतात. कुणी काही बोलत नाही, पण...” त्याला पुढे बोलवलं नाही आणि तिलाही ऐकवलं नसतं. जन्मभर डाव्या कानाखाली वाद्य वाजलेलं, त्यात वय. बारीक, उंच आवाज तेवढे त्या कानाने हळूच सोडून दिले होते आणि मालकाला पत्ताच नव्हता.

मग सुमतीने सांगितलं का नाही? तर तिला एक आठवत होतं. ऑर्केस्ट्रातल्या एका म्हाताऱ्या वादकाला ऐकू येईनासं झालं तेव्हा अविनाश म्हणाला होता, “माझा कान गेला ना, की त्या दिवशी मी व्हायोलिन माळ्यावर टाकीन. परत हात लावणार नाही.” आणि हा माणूस बोलला की करतो. व्हायोलिन नसलेला अविनाश तिने कधी पाहिलेला नव्हता, आणि तिला पाहायचाही नव्हता. म्हणून पहिलं व्हायोलिन वाजवून त्याने विचारलं, “सुमे, ई मंद आहे ना गं?” तेव्हा तिच्या कानात ती तार लख्ख वाजत असतानाही, भिंतीकडे बघत, लसूण सोलत ती म्हणाली, “हो. मंदच आहे.”

आयुष्यातला तिचा पहिला खोटा निकाल. दुसऱ्या व्हायोलिनला दुसरा. दुकानाला तिनेच टाइप करून कळवलं, आमचे हे जन्मभर वाजवत आलेत, वरची तार मंद वाजते, परत पाठवत आहोत.

तिसऱ्या पेटीचंही तेच झालं. वाजवणं झालं, तोंड पडलं, सुमतीने भिंतीला सांगितलं, मंद आहे, आणि दुकानालाही तसंच कळवलं. दुसऱ्या दिवशी अविनाश तालमीला गेलेला असताना तिचा फोन वाजला.

“काकू, मी आभा. आमच्याकडून तुम्ही व्हायोलिन मागवलंत ना?” दुकान चालवणारी मुलगी. आवाज गोड, पण ओढलेला. “मी तक्रार करायला नाही हं फोन केला. परत केलंत ते ठीकच आहे. फक्त, काकांना दोन मिनिटं निनादशी बोलता येईल का? माझा नवरा, तोच बनवतो. ई नक्की कशी मंद वाटते, ते त्याला समजून घ्यायचंय.”

“ते घरी नाहीत,” सुमती म्हणाली. हे तरी खरं होतं.

“बरं. नाही, काय झालंय काकू, त्याने ते फारच मनाला लावून घेतलंय. इतकी वर्षं वाजवणारा माणूस पुन्हा पुन्हा तेच सांगतोय म्हणजे आपलाच हात चुकतोय, म्हणतो. आता तर...” मुलीचा आवाज कापला. “जाऊ दे. मी करते नंतर.”

“थांब गं,” सुमती घाईने म्हणाली. “तुम्ही राहता कुठे?”

“आपट्याला.”

“आपट्याला? आमच्या आपट्याला?” वेबसाइटवर नुसतं ‘मुंबईजवळ’ असं लिहिलेलं. म्हणजे पनवेलपासून रिक्षाच्या अंतरावर, पाताळगंगेच्या काठावर घडलेलं व्हायोलिन आधी कुरिअरच्या भिवंडीतल्या गोदामात जायचं आणि तिथून हिंडत फिरत पनवेलला यायचं! एरवी सुमती यावर पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिने चपला घातल्या, कुलूप लावलं आणि रिक्षा केली.

पळस्प्याला ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली तशी ती मनाशी घोकत राहिली, जाऊन काय सांगणार आहेस, सुमती? आपट्यात एक म्हातारी उन्हात सुकट पसरत होती, तिला विचारलं. “ते लाकूड तासतो तो ना? नदीच्या अंगाला जावा, तिकडंच घर हाय. पन चार दिस झालं, आवाज नाय त्याचा. आमी म्हनतो, आजारी परला का काय पोरगा.”

आजारी नव्हता. पडवीत बसला होता, दाढी वाढलेली, हात मोकळे. आभाने ‘काकू आल्यात’ म्हटल्यावर धडपडत उठला आणि मोठ्या अपराध्यासारखा नमस्कार केला. इटलीत शिकून आलेला, तिशीतला मुलगा. सुमतीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकांना सांगा, मी दुरुस्त करतोय,” तो म्हणाला आणि बाकावरचं व्हायोलिन त्याने पुढे केलं. त्यांनी परत केलेलं पहिलं. त्याचा वरचा तक्ता काढून ठेवलेला. “म्हटलं, तक्ता जाड राहिला असेल, म्हणून ई दबते. म्हणून आतून तासला. थोडा. मग अजून थोडा.” त्याने ती फळी उजेडात धरली. इतकी पातळ झाली होती की कडेने ऊन आरपार लालसर दिसत होतं. “आता हे गेलं. तासलेलं लाकूड परत येत नाही.”

“आणि दुसरं?” सुमतीने कसंबसं विचारलं.

आभाच बोलली. “दुसरं पण उघडायला घेतलं होतं. मी हातातून काढून घेतलं. भांडण झालं आमचं. म्हणतो, मला ऐकूच येत नसेल नीट. मला वाटतं चांगलं, तर तेच खोटं असेल.”

सुमतीने चहा घेतला नाही. त्या मुलाकडे बघवतही नव्हतं. आपण घरात बसून, लसूण सोलत, नवऱ्याच्या काळजीपोटी एक शब्द बोललो, आणि इथे या पोराने स्वतःच्या चांगल्या कानावरचा विश्वास तासून काढला. परतीच्या रिक्षात ती रडली, तोंडावर पदर घेऊन. तुटलेलं आपलं माणूस बघायचं नाही म्हणून परक्याचं तोडलंस होय गं, असं स्वतःला बोलत राहिली. घर येईपर्यंत तिचं ठरलं होतं. भीती मात्र तसूभरही कमी झाली नव्हती.

अविनाश तालमीहून आला होता आणि व्हायोलिन पुठ्ठ्याच्या पेटीत पुन्हा बांधत होता. “उद्या कुरिअरवाला येईल ना न्यायला? कुठे गेली होतीस?”

“उघडा ती पेटी,” सुमती म्हणाली. “वाजवा परत.”

“आता काय त्यात? झाला की निकाल.”

“मी सांगते म्हणून वाजवा हो!”

तिचा चेहरा बघून त्याने मुकाट्याने व्हायोलिन काढलं. ती मुढ्यावर बसली. या खेपेला हातात काही नव्हतं. त्याने वाजवलं, खालच्या तारेपासून वर चढत, आणि शेवटी ई वर. ती तार अशी वाजली, जणू स्वच्छ घासलेल्या पितळी वाटीवर कुणी हलकेच चमचा लावला. सुमतीने डोळे मिटून शेवटापर्यंत ऐकलं.

“हं. निकाल?”

“छान आहे. फार गोड आहे.”

“आणि ई?”

“ती पण. सगळ्यांत गोड तीच आहे.” ती मग थांबलीच नाही. “आधीच्या दोन्हींची पण होती. आणि तुमच्या जुन्याची आहे, अजून. बेलसुद्धा बिघडली नव्हती अहो. तुमचा कान... तुमच्या कानाला बारीक आवाज येत नाहीत आता.”

ती वळली तेव्हा तो खुर्चीत बसला होता, व्हायोलिन मांडीवर आडवं.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“गणपतीपासून.”

“आणि मी विचारत होतो. दर वेळी विचारत होतो, आणि तू सांगत होतीस, मंद आहे म्हणून?”

“तुम्ही माळ्यावर टाकाल म्हणून! म्हणाला होतात ना? मला नाही बघवणार ते.” सुमती आता सरळ रडायलाच लागली. “वाद्याला नावं ठेवत का होईना, वाजवताहात तरी, एवढंच वाटत होतं मला.”

अविनाशने गज खाली ठेवला. मग बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. “सुमे, कान जाणार गं. दात गेले, गुडघे गेले, कान पण जाणार. तिथे बाहेर मला कोण खरं सांगतं? शार्दूल ‘वा काका’ म्हणतो. कंडक्टर पांढऱ्या केसांचा मान ठेवतो. मी घरी येऊन तुला विचारतो, तेवढंच माझं. कान गेला तर मी तुझ्या कानाने वाजवीन. पण तूच खोटं सांगायला लागलीस तर मी विचारू कुणाला?”

सुमतीने डोळे पुसले आणि ती म्हणाली, “चुकलं माझं.”

“हो, चुकलं,” तो म्हणाला. मग खाली बघत, “बाकी काय लपवलंयस? होऊन जाऊ दे एकदाच.”

“वरच्या तारेवर फार जोर देता. किंचाळते ती. शार्दूलपण म्हणत होता.”

हे त्याला कानापेक्षा जास्त लागलं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले, आणि पहिल्या रांगेत बसून आपण इतके दिवस काय ऐकवलं असेल ते त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं. सुमतीला वाटलं, आता उठणार आणि माळ्याची शिडी काढणार. पण सांगायला घेतलंच होतं तर उरलेलंही सांगून टाकायचं होतं. तिने आपट्याचं सांगितलं. पातळ झालेला तक्ता, उघडायला घेतलेलं दुसरं व्हायोलिन, चार दिवस थांबलेला हात. “मला चांगलं ऐकू येतं तेच खोटं असेल, म्हणतो तो पोरगा.”

अविनाशने डोळे उघडले. “तासला? माझ्या सांगण्यावरून?”

“माझ्या. टाइप मी केलं होतं.”

“फोन लाव,” तो म्हणाला.

“उद्या बोला ना. आज तुम्ही...”

“उद्यापर्यंत त्याने अजून एक तासलं तर? लाव फोन.”

आभाने उचलला आणि निनादला दिला. अविनाशने मोबाइल उजव्या कानाला धरला. ऑर्केस्ट्रात सगळे ज्याला वचकून असायचे, ज्याने कधी कुणाला ‘चुकलो’ म्हटलेलं सुमतीने ऐकलं नव्हतं, तो माणूस एका अनोळखी मुलाशी बोलायला उभा राहिला. ताठ, स्टेजवर उभा असावा तसा.

“नमस्कार. मी टिपणीस. ऐका, मधे बोलू नका, नाहीतर माझ्याने सांगवणार नाही. तुमच्या व्हायोलिनांत काही दोष नाही. एकातही नाही. दोष माझ्या कानात आहे. मला वरची तार ऐकू येत नाही. मला ते आज कळलं, आणि तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.” त्याने एकदा सुमतीकडे बघितलं. “तुमचा हात बरोबर आहे आणि तुमचा कानही बरोबर आहे. कुणी पांढऱ्या केसांचा काही म्हणाला म्हणून यापुढे तक्त्याला हात लावायचा नाही. हे तिसरं मी ठेवून घेतोय. माझ्या कानाला नाही कळलं, पण आमच्या हिच्या कानाला आवडलंय, आणि आमच्याकडे निकाल तीच देते. जे तासलंत तेही माझंच, ते पाठवून द्या. कंडक्टरला सांगणार आहे, मला मागच्या रांगेत बसवा. तिथे हलक्या हाताने वाजवीन. घरी ही आहेच सांगायला, जोर झाला की.”

सुमती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मागच्या रांगेत. वाजवीन म्हणाला. तिने पदर तोंडात कोंबला, नाहीतर पुन्हा हुंदका बाहेर पडला असता.

अविनाश थांबला. पलीकडून उत्तर यायची वाट बघत राहिला. मग त्याने फोन कानावर आणखी दाबला, कपाळाला आठ्या घातल्या आणि तो तिच्यापुढे धरला. “काही ऐकू येत नाही गं. काय म्हणतोय तो? खरं सांग हं.”

सुमतीने फोन कानाला लावला. जरा वेळ ऐकलं.

“काही म्हणत नाहीये,” ती म्हणाली. “रडतोय.”

अविनाशने मान हलवली आणि तो खुर्चीत बसला. “मग ठेवू नकोस,” तो म्हणाला. “रडू दे त्याला. आपल्याला कुठे घाई आहे?”